वांग्याच्या फुलांना बांधलेले दोरे

मित्रहो, हे कार्ड वसतिगृहाच्या फळ्यावर लावा, सगळेच हसू देत.

विद्यापीठाच्या प्रबंधासाठी मी नाशकात सखूबाईंच्या मळ्यात वांग्याच्या निवडक फुलांना लाल दोरे बांधले होते. कोणत्या फुलाला फळ धरतं, ते पाहायचं होतं. आज टांग्यातून उतरलो, तर मळाभर लाल दोरे.

"हे कुणी बांधले?"

"तुम्ही नवस बोलला, मंग आम्ही बी बोललो," सखूबाई म्हणाल्या. "दोरा शेजारच्या अमीनाबीनं दिला. सुनंला लेकरू व्हावं म्हणून एक माझा हाय, सोडू नका."

माझे दोरे कोणते, कळायला मार्ग नाही. दोन आठवड्यांचं काम गेलं.

तरी एकही सोडला नाही. उलट प्रबंध पुरा व्हावा म्हणून स्वतःचाही एक बांधून आलो. आता तो कोणत्या प्रकरणात घालू?