खिडकीजवळची कॉट

महादेवी अशीच किंचाळत राहिली तर टाके तुटणार, हे मला दिसत होतं. वळसंगची सहा वर्षांची पोर. अपेंडिक्स पोटातच फुटलेलं, ऑपरेशन कसंबसं निभावलेलं. रडलं की पोटावर ताण येतो, शिवण उसवते. मग पोट परत उघडायचं, आणि तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

दुखणं थांबवायला पेथिडीनचं इंजेक्शन असतं. जास्त झालं तर लहान मुलाचा श्वासच मंदावतो. सर्जनसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "सिस्टर, आता एक थेंबही नाही." बरं, मग मी काय करू? अंगाई गाऊ?

दुपारी औषधांची ट्रॉली घेऊन आले तर वॉर्ड गप्प. महादेवी डोळे मिटून पडलेली, नाडी संथ. आणि तिच्या खिडकीजवळच्या कॉटभोवती दवण्याचा वास. चैत्रात देवाला वाहतात, बायका गजऱ्यात गुंफतात, तो दवणा. बहात्तरचा दुष्काळ चालू, सोलापुरात हिरवं पान दिसत नव्हतं, तिथं दवणा कुठला? उशी उचलली, गादीखाली हात घातला. काही नाही.

"कोण आलं होतं गं?"

"अव्वा. हितं बसलीया की." तिनं पायथ्याकडे बोट केलं.

कानडी घरांत आईला अव्वा म्हणतात. पायथ्याशी कोणी नव्हतं. थोड्या वेळानं वास विरला, तशी पोर पुन्हा विव्हळायला लागली.

बाप व्हरांड्यात बसला होता. भेटीची वेळ नसताना बायकोला आत का सोडलं, म्हणून मी त्याला झापलं. तो म्हणाला, ती तर गेल्या वर्षीच वारली. सवाष्ण गेली म्हणून अंबाड्यात दवणा माळून पाठवली होती. मी त्याला सांगितलं, पोर म्हणते अव्वा पायथ्याशी बसलीय.

"बसलेलीच असंल, बाई," तो म्हणाला. "आमच्यात बसवूनच पुरत्यात."

लिंगायतांची ती रीत मला माहीत होती. तरी आत गेले ती कॉटच्या पायथ्याला वळसा घालूनच.

पण भिऊन वॉर्ड चालत नाही. बापाला अत्तरवाल्याकडे पिटाळलं, दवण्याचं अत्तर आणवलं. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून उशाशी ठेवला. महादेवी निवली. राउंडला आल्यावर साहेबांनी विचारलं, हे हॉस्पिटल आहे की लग्नघर. मग तिचं पोट तपासलं, टाके धरलेले बघितले, आणि पलीकडच्या हर्नियाच्या पोरालाही बोळा ठेवून बघा म्हणाले. दुखणं काही पळून गेलं नाही, पण मुलांचा आकांत उतरला. महादेवी स्वतःच्या पायांनी घरी गेली. मला फार बरं वाटलं.

तिच्या कॉटवर शहरातल्या तेलुगू विणकर घरातला मुलगा आला. त्याला महादेवी ठाऊक नाही, की वळसंग ठाऊक नाही. ऑपरेशन झाल्यावर मी बोळा घेऊन गेले, तर वास आधीच दरवळत होता. मुलगा शांतपणे पायथ्याकडे बघत होता.

"सिस्टर, ही बाई उठून उभी का राहत नाही?"

कॉट मी हलवली नाही. पुढं वॉर्डातली सगळ्यात नाजूक केस मी तिथंच ठेवायची, आणि तिथं पेथिडीन कमी लागायचं. नर्सनं एवढंच बघावं. भेटीला येणाऱ्यांना मात्र बजावायची, पायथ्याशी बसू नका.