पाण्याखालचा पंचनामा

धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या पळसदेवच्या विहिरीची नोंद संबंधित कार्यालयाने 'कच्ची' अशी केली होती. मोबदला मी स्वीकारला. तो शब्द मात्र कधीही स्वीकारला नाही. ती विहीर माझ्या वडिलांनी घडीव दगडांनी बांधून काढली होती, आणि आमच्या दक्षिणेच्या काठावर उभे राहून समोरचे ते बांधकाम मी लहानपणापासून पाहत आलो होतो. याविषयी मी पाठवलेल्या पत्रांची पोच येत असे, उत्तर येत नसे. अखेर नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात एका अधिकाऱ्याने कळवले की, प्रत्यक्ष पाहणीचा पंचनामा सादर केल्यास फेरविचार करता येईल. विहिरीवर भर उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी होते. तो अधिकारी माझी थट्टा करीत होता, हे आज मला कळते. त्या वेळी मी त्याचे लेखी आभार मानले.

माझ्या भाचीचे यजमान मालवणकडचे. समुद्रातल्या खडकांची आणि समुद्रगवताची पाहणी करणाऱ्यांबरोबर ते पाणबुड्या म्हणून जात असत. मी त्यांना बोलावून घेतले. पंच म्हणून मात्र मी मुद्दाम आबांना निवडले. आबा म्हणजे आमच्या विहिरीच्या उत्तरेचे शेजारी. मोजणीला आलेल्या लोकांना "विहीर कसली, खड्डा हाय त्यो" असे सांगणारे हेच गृहस्थ. एका बाभळीच्या मालकीवरून आमच्या दोन घराण्यांनी आजोबांच्या काळापासून एकमेकांच्या बांधावर पाय ठेवलेला नव्हता. विरुद्ध पक्षाची सही असलेल्या कागदाला वजन अधिक असते, एवढ्याच हेतूने मी त्यांना पाचारण केले, आणि माझी फजिती पाहायला मिळेल एवढ्याच हेतूने ते आले.

पहिली अडचण माझ्याच घरातून उद्भवली. सौभाग्यवतींनी पुरणाचा स्वयंपाक केला होता.

"मामी, भरल्या पोटी पाण्याखाली जात नाहीत," जावई म्हणाले.

"आणि उपाशी जावयाला पाण्यात सोडलं, तर लोक मला काय म्हणतील?"

जावयाला आग्रह करणे हा सासुरवाडीचा अधिकार असून त्याविरुद्ध अपील नाही. जेवता जेवता ते आम्हाला समुद्राच्या गोष्टी सांगत होते: पोवळ्यांच्या खडकात एकेका भोकात वेगळा भाडेकरू राहतो; उथळ पाण्यात गवताची कुरणे असतात आणि समुद्रातली कासवे तिथे चरायला येतात.

"चरत्यात?" आबांनी विचारले. "मग राखण कोन करतं?"

पाचव्या पोळीनंतर जावई ओसरीवर आडवे झाले. मी येरझारा घालत राहिलो. माझ्या रागाचे कारण मी त्यांना सांगू शकत नव्हतो, कारण जावयावर रागावता येत नाही.

उन्हे कलल्यावर आम्ही होडीत बसलो. सिलिंडर पाहून होडीवाल्याने घरचा गॅस संपला काय, अशी चौकशी केली. सौभाग्यवतींनी त्या सिलिंडरला हळदकुंकू लावून पाठवले होते. विहीर नेमकी कुठे होती याबद्दल आबांचा आणि माझा कधीच वाद नव्हता. पाण्याबाहेर आलेल्या जुन्या देवळाच्या शिखराकडे पाहून दोघांनी एकाच वेळी एकाच जागेकडे बोट दाखवले, आणि दोघेही थोडे ओशाळलो.

जावई खाली गेले, चाचपून वर आले आणि तोंडातली नळी काढून म्हणाले, "दगड लागले, मामा. पण पाणी फार गढूळ. आमच्याकडे खडकावरचा मासा लांबून दिसतो, इथे स्वतःचा हात दिसत नाही."

"दगुड तर समद्या तळ्यात असत्यात," आबा म्हणाले. "घडीव का बिनघडीव, ते समिंदराच्या मानसाला काय कळतंय? आन् दिसलंबी न्हाय म्हनतोय. झाला पंचनामा!"

साक्षीदाराने ज्या इंद्रियाने वस्तू जाणली, त्या इंद्रियाची साक्ष ग्राह्य असते, हे मी आबांना सविस्तर समजावून सांगितले. समजावून झाल्यावर माझ्या लक्षात आले की, वडिलांचा दगड हाताने ओळखू शकेल असा साक्षीदार तेथे एकच होता, आणि त्याला पोहता येत नव्हते. मला शाळेसाठी लवकरच इंदापूरला धाडले होते, आणि विहिरीत उतरायला वडिलांची सक्त मनाई होती.

"पोहायची गरज नाही, मामा," जावई सिलिंडरची दुसरी नळी माझ्या हाती देऊन कमरेला शिशाचा पट्टा बांधत म्हणाले. "मी हात सोडणार नाही. फक्त श्वास सावकाश घ्या, आणि रागावू नका. रागावलात तर हवा लवकर संपेल."

"तात्या आन् रागवायचं न्हाय!" आबा होडीचा काठ धरून हसले. "आरं, एवढी हवा साऱ्या तालुक्यात न्हाय!"

मी खाली गेलो तो या वाक्याला द्यायचे उत्तर तोंडात घेऊनच, आणि तोंडात तर नळी होती. पाण्याखाली बोलता येत नाही, याची मला आगाऊ सूचना देण्यात आलेली नव्हती. मनुष्याने आपली बाजू मांडायचीच नाही, अशा जागी मी प्रथमच गेलो होतो. भोवती मातकट अंधार होता, पायांना पाणवनस्पती गुंडाळत होत्या, आणि कानाजवळून एक मासा अत्यंत बेपर्वाईने गेला.

मग हाताला दगड लागला. चौकोनी, टाकीचे घाव असलेला. त्याच्याशेजारी तसाच दुसरा, आणि मधली सांध बोटभरही नाही. उत्तरेची भिंत. जावयांनी मनगटावरचे होकायंत्र विजेरीच्या उजेडात माझ्या डोळ्यांशी धरले. आम्ही भिंत धरून पूर्वेला गेलो: घडीव. पश्चिमेला गेलो: घडीव. मी पाण्याखाली हसलो, त्यामुळे थोडे पाणी प्यायलो. नंतर दक्षिणेला वळलो.

तिथे दगड नव्हते. होता तो अखंड, ओबडधोबड, शेवाळलेला कातळ. सांध नाही, टाकीचा घाव नाही. मी पुन्हा पुन्हा हात फिरवला. उभा कातळ लागल्यावर वडिलांनी त्या बाजूला बांधकाम केलेच नव्हते. करण्याचे कारणही नव्हते. मी आयुष्यभर त्याच भिंतीच्या माथ्यावर उभा राहून समोरची भिंत पाहत आलो होतो. आणि आबा समोरच्या काठावरून माझ्या पायाखालचा हा कातळ पाहत आले होते. बाभळीमुळे दोघांपैकी एकानेही पलीकडे जाऊन पाहिले नव्हते. मला इतका संताप आला की जावयांनी हवेच्या काट्याकडे पाहिले आणि तत्काळ मला वर ओढले.

"काय घावलं?" आबांनी विचारले.

धापा टाकत मी जावयांकडे पाहिले. त्यांना त्या कातळाचे महत्त्व कळलेले नव्हते. 'चारी बाजू पक्क्या' असे मी सांगितले असते, तर ते खोडून काढणारा तेथे कोणी नव्हता. परंतु मी एका खोट्या शब्दाविरुद्ध इतकी वर्षे लढत होतो. त्याच्या जागी दुसरा खोटा शब्द बसवणे मला शक्य झाले नाही.

"लिहून घ्या," मी म्हणालो. "उत्तर, पूर्व, पश्चिम घडीव. दक्षिणेला नैसर्गिक कातळ. बांधकाम नाही."

आता हशा होणार, अशी मी तयारी केली. आबांनी बोटाने हवेत दिशा मोजल्या.

"दक्षिन म्हंजी तुझ्या पायाखालची," ते सावकाश म्हणाले. "म्हंजी मला दिसायची ती. आन् आमच्या बांधाखाली घडीव दगुड?"

"होय. तुमच्या बांधाला माझ्या वडिलांच्या भिंतीचा टेकू होता."

"आन् आमचा बांध सरकारनं मातीचा लिवलाय!" आबा होडीत उभे राहिले, होडीवाला ओरडला तरी बसेनात. "दगडावरचा बांध, आन् मातीचा? ह्यो अन्याव न्हाय व्हय?"

त्यांनी कोरा कागद माझ्या पुढ्यात टाकला. पंचनाम्यावर सही करण्याची त्यांची एकच अट होती: त्यांचाही अर्ज मी लिहायचा.

मी ओल्या अंगानेच लिहायला बसलो. "अजून कडक लिव, तात्या," आबा माझ्या खांद्यावरून वाकून सांगत होते. मी लिहिले.