बाटलीतल्या पाहुण्याचे पाय

पाय मी तोडले नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. प्राचार्यांले सांगतलं, सरांले सांगतलं, गेटवरच्या चहावाल्याले सांगतलं. एकानंही खरं मानलं नाही. घरी नवऱ्याले सांगतलं, तर तो म्हणे, "तुह्या हातानं आपल्या घरचा एक तरी कप साबूत राह्यला का?"

घ्या! आपला माणूसच सरकारी साक्षीदार!

आता मात्र ज्याले पाहा तो म्हणते, "कोकिळाबाई, तो किस्सा सांगा ना." एक कोणता सांगू? कॉलेजच्या झूऑलॉजीच्या लॅबमधी फळीवर बाटल्या साचतात तसे किस्से साचतात. कोणी आणल्या, कवा आणल्या, कोणाले माहीत नसते, पण फेकायची कोणाची हिंमत होत नाही.

मी चौथी पास. राहणार वडनेर भोलजी. घरी पराटी, म्हणजे कापसाचं वावर, अन् कॉलेजात झाडू-फडकं. माही नोकरी पक्की नाही. दरवर्षी जूनमधी प्राचार्यांनी ऑर्डरीवर सही केली तर वर्षभर काम, नाही केली तर घरी बसा. त्या साली तर घरी बसून चाललंच नसतं, कारण बोंडात गुलाबी अळी घुसली होती. बोंड फोडलं का आत कापूस कमी अन् अळीच जास्त. त्यामुळं घराची सगळी मदार माह्या ऑर्डरीवर होती.

अन् नेमका त्याच साली तो पाहुणा आला.

*

पाहुणा आला एस.टी.नं, पार्सलमधून. आमच्या इंगळे सरांचा एक दोस्त समुद्राच्या तळाचा गाळ काढणाऱ्या जहाजावर कामाले आहे. त्यानं गाळात सापडलेले तीन जीव बाटलीत घालून धाडले. हा जीव अजून कोणी पुस्तकात लिहिलेला नाही, तू त्याचं अंग-अंग पाहून लिही, म्हणे.

सर अन् मी स्टँडवर पार्सल सोडवाले गेलो. बाटली थोडी गळली होती. कंट्रोलरनं खोक्याले नाक लावलं.

"सर, यात दारू आहे."

"दारू नाही हो, स्पिरिट आहे. आत प्राणी आहे."

"दारूत प्राणी?"

मी म्हटलं, "काऊन, तुमच्या स्टँडच्या मांगं रोज संध्याकाळी दिसत नाहीत का?"

पार्सल सुटलं!

*

सरांनी ते तिघं काचेच्या बशीत काढले. दोन सरकीएवढे, एक जिऱ्याएवढा. गोचिडीले शेपूट लावली अन् वरून चुना फासला, असे दिसत. सर म्हणे, झिंगे-खेकड्याच्या खानदानातले आहेत.

मी लॅबच्या दुर्बिणीतून, म्हणजे त्या मायक्रोस्कोपातून, पाह्यलं. "सर, याले तर डोळेच नाहीत!"

"मावशी, हा जिथं राहते तिथं खाली उजेडच नाही. डोळे ठेवून करते काय?"

"मंग आमच्याकडं एवढं लोडशेडिंग असते, आमचे काऊन नाही गळून पडले?"

सर हसले. चांगला माणूस, पण भोळा. एक दिवस मी विचारलं, "सर, खरं सांगा, तुम्ही समुद्र पाह्यला का?"

सर चश्मा पुसत म्हणे, "नाही मावशी. अन् यानं आपला जिल्हा पाह्यला नव्हता. फिटमफाट!"

*

सरांच्या कामाची रीत अशी. सुईनं त्यातल्या एका मोठ्या जीवाचा एकेक अवयव सोडवायचा, काचेच्या पट्टीवर ठेवायचा, अन् दुर्बिणीत पाहून कागदावर काढायचा. अन् सगळं एकाच अंगाचं. दुसरं अंग तसंच असते म्हणून त्याले हात लावायचा नाही. पाय तर पायच, पण तोंड! एक जबडा काढला का त्याच्या खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, वरून पुन्हा तोंडाले मदत कराले दोन छोटे पाय.

समोरच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून शकील सर आले. धामणगाव बढ्याचे, घरचा कापसाचा व्यापार, पण यांले गॅसच्या शेगडीचा नाद लागला म्हणून मास्तर झाले. त्यांनी पट्टीवरचे जबडे पाह्यले.

"इतने जबडे? और आवाज?"

"आवाज नाही," इंगळे सर म्हणे.

शकील सरांनी माह्याकडं पाह्यलं. "कुदरत भी कमाल है! इसको इतने सारे, अन् आवाज बिलकूल नाही. अन् आपल्या कोकिळाबाईंले एकच दिला, तर पूरं कॉलेज हलते!"

मी त्यांच्यावर फडकं फेकलं. नेम लागला. पण हे फडकं लक्षात ठेवा, पुढं हेच शकील सर माही चौकशी करणार होते!

*

त्या साली लॅबमधी पोरं कमी अन् शेतकरी जास्त येत. जो येईन त्याच्या खिशात बोंड. "सर, पाहा बरं, हे बियाणं खरं बीटी आहे का बोगस?" सर सांगत, बोंड पाहून ते कळत नाही. पण ऐकते कोण! पाकिटावर तर लिहिलं होतं का अळी लागणार नाही. अळीनं पाकीट वाचलं नसन.

एक दिवस आमच्याच गावचे सोपानकाका आले. सर वर्गावर होते. काकांनी बोंड टेबलावर ठेवलं अन् सरळ दुर्बिणीले डोळा लावला. आत हा पाहुणा!

काका ओरडलेच, "अरे बाप! ही कोणती नवी आली बे?"

तेवढ्यात सर आले. म्हणे, "काका, घाबरू नका. हा समुद्राच्या तळाशी राहते, कोसभर पाण्याखाली. हा काही तुमच्या पराटीवर येत नाही."

काका म्हणे, "मागच्या अळीचंबी आम्हाले असंच सांगतलं होतं!"

सरांनी दुर्बिणीवर फडकं झाकलं.

काका तिथून निघाले ते थेट औषधाच्या दुकानात. आंधळी, पांढरी, चौदा पायाची अळी आली आहे, म्हणे, औषध आहे का? दुकानदार म्हणे, "आहे ना! आताच आलं!"

*

अवयव सगळे काढून झाले. राह्यलं नाव.

शास्त्रातल्या नावाचे दोन तुकडे असतात. पहिला खानदानाचा, तो इतका लांब का माही जीभ अर्ध्यातच बसते. दुसरा त्या जीवाचा स्वतःचा. ज्याचा मान ठेवायचा त्याचं नाव घ्यायचं, शेवटी 'ई' लावायची, झालं.

मी म्हटलं, "सर, वहिनीचं नाव द्या."

सर म्हणे, "मावशी, आंधळा, पांढरा, तोंडभर जबडे. मले संध्याकाळी घरी जायचं आहे."

तवाच दुर्बिणीचा बल्ब गेला. नव्या बल्बले प्राचार्यांची सही पाहिजे. प्राचार्य घाटोळ साहेबांनी पेन उघडलं, अन् कागदाच्या वर तसंच धरून ठेवलं. "इंगळे, नाव कोणाचं देऊन राह्यले?"

"अजून ठरलं नाही, सर."

"मी काही प्राचार्य म्हणून सांगत नाही. पण घाटोळ हे नाव कानाले बरं वाटते."

दुसऱ्या दिवशी बल्ब आला! अन् जीवाचं नाव झालं घाटोळी.

लेख छापून आला तसा साहेबांनी गेटवर फ्लेक्स लावला. एका बाजूनं साहेब कोट घालून, दुसऱ्या बाजूनं तो जीव, तेवढाच मोठा. खाली 'हार्दिक अभिनंदन'.

बसमधून उतरलेल्या एका म्हातारीनं मले विचारलं, "बाई, यातले साहेब कोणत्या बाजूचे?"

*

अन् त्या फ्लेक्सनंच माहा घात केला.

फोटो काढणाऱ्यानं तिघांतून लहानगा घेतला होता. तो सरळ पडला होता अन् देखणा दिसत होता, म्हणून. फर्स्ट इयरच्या एका पोरीनं गेटवर उभं राहून त्याचे पाय मोजले अन् वर्गात हात वर केला. "सर, तुम्ही सात जोड्या शिकवल्या. फ्लेक्सवर तर सहाच आहेत."

सरांनी बाटलीतून लहानगा काढला. दुर्बिणीत पाह्यलं, पुन्हा पाह्यलं. तोंड उतरलं. मांगची जोडी खरंच नव्हती.

साहेबांच्या केबिनमधून आवाज बाहेर व्हरांड्यात आला, "माह्या नावाचा प्राणी, अन् लंगडा?"

मंग प्रश्न आला, बाटल्या कोण पुसते? सगळ्यांच्या माना एकदम माह्याकडं वळल्या.

मी म्हटलं, "अहो, जिऱ्याएवढा जीव, त्याचे ते पाय केवढे! मी तोडून त्याची काय भाजी करू?"

"ए बाई, उलटं बोलू नको. चौकशी होईन. दोषी निघालीस तर जूनची ऑर्डर विसर."

इंगळे सरही त्यांच्याच बाजूनं. खालमानेनं म्हणे, "मावशी, फडकं लागलं असन हो चुकून." याचंच मले जास्त लागलं. फडकं बाटलीले बाहेरून लागते, पाय तर आत! एवढं शिकून एवढंही नाही कळत?

*

चौकशी अधिकारी शकील सर. दोन खुर्च्या, एक टेबल, अन् मधी माही इज्जत.

"बाटली पुसता?"

"पुसते."

"हलवता?"

"पुसायची म्हणजे हलनच. तुमचं नाक पुसलं तर मुंडकं हलत नाही का?"

"गुस्सा मत करो, बाई. मी फक्त विचारून राह्यलो. उघडली?"

"नाही."

"त्याचे मांगचे दोन पाय तुम्ही शेवटचे कवा पाह्यले?"

"तुम्ही भाभीची अक्कलदाढ शेवटची कवा पाह्यली?"

शकील सरांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणे, "बाई, माह्या मनात तुम्ही सुटल्या. पण माह्या मनाची साहेबांच्या मनात बदली नाही ना करता येत."

मी घरी आली तर नवरा उरलेली पराटी उपटून राह्यला होता. माही चहा करायची वेळ, त्यानंच करून दिला. तवा मले पहिल्यांदा भेव वाटलं.

*

शेवटी इंगळे सरांनी लाजत-लाजत त्या लहानग्याचा फोटो जहाजवाल्या दोस्ताच्या ओळखीतल्या एका मॅडमले धाडला. त्या या जीवांच्याच जाणकार. त्यांचा फोन आला, सरांनी स्पीकरवर टाकला. मी फडकं हातात धरून तिथंच उभी.

आधी नुसतं हसू आलं. इतका वेळ, का सरांले वाटलं फोनच अडकला.

"अहो इंगळे, कोणी तोडले नाहीत त्याचे पाय. ते पिल्लू आहे! या जातीची पिल्लं मागच्या जोडीशिवायच जन्मतात. ती जोडी नंतर फुटते."

सरांनी कपाळाले हात लावला. "एम.एस्सी.ले वाचलं होतं मी हे! पेपरातबी आलं होतं!"

मी म्हटलं, "म्हणजे दात न आलेल्या लेकराचे दात पाडले, म्हणून तुम्ही मले फाशी देऊन राह्यले होते?"

सर उठले, माह्या हातातलं फडकं घेतलं अन् त्या दिवशी सगळ्या बाटल्या त्यांनी पुसल्या. दोन फोडल्या!

*

तुम्हाले वाटन, झालं, सुटली बाई. कुठची!

साहेब म्हणे, "पिल्लू असो का आजोबा, गेटवर लोक हसले ना? संस्थेची बदनामी झाली ना? चौकशी लावली म्हणजे दोषी पाहिजेच. दोषीशिवाय फाईल बंद होत नाही." अन् माह्याकडं पाहून शकील सरांले म्हणे, "नाव कोणाचं टाकायचं ते तुम्हाले कळते. सोमवारी स्टाफसमोर वाचून दाखवायचं. ऑर्डरीवर सह्याबी त्यानंतरच."

सोमवारी सगळा स्टाफ जमला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. साहेबांसमोर ऑर्डरींचा गठ्ठा, माही सगळ्यात खाली. इंगळे सर नखं खाऊन राह्यले. शकील सर खिडकीबाहेर पाहून राह्यले, जसं काही यांचा संबंधच नाही.

ऑफिसच्या बाबूनं शकील सरांचा अहवाल उघडला अन् वाचाले लागला.

"चौकशीअंती असे आढळले की, सदर महिला कर्मचाऱ्याने बाटली केवळ बाहेरून पुसली. पाय तोडण्यात आले नसून ते उगवलेलेच नव्हते. वेळेत पाय न उगवणे, तशाच अवस्थेत फोटो काढून घेणे आणि तो फोटो गेटवर झळकू देऊन संस्थेचे हसे करणे, हे तिन्ही प्रकार एकाच इसमाकडून घडले आहेत."

साहेबांनी मान डोलावली. "बरोबर. पुढं."

"सदर इसम जन्मतः आंधळा असून त्यास पाठीचा कणा नाही. ही बाब सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन त्यास बडतर्फ न करता बाटलीतच ठेवावे. दोषीचे नाव..."

बाबू थांबला. त्यानं साहेबांकडं पाह्यलं, कागदाकडं पाह्यलं, पुन्हा साहेबांकडं पाह्यलं.

साहेब खेकसले, "थांबला काऊन? इथं कोणाची भीडभाड नाही. वाच नाव, मोठ्यानं!"

पहिला तुकडा बाबूच्या जिभेले झेपला नाही. तो त्यानं सोडून दिला. अन् दुसरा तुकडा पार गेटपर्यंत ऐकू जाईन असा वाचला,

"घाटोळी!"