आठवी नळी

माधुरीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला ऐकवत होतो की, मी दुरुस्त केलेला मिक्सर मालकाला पुरून उरतो. मिक्सर तसाच उघडा राहिला... त्याला आता दीड महिना होतोय.

ताई डीएनएवर काम करायची. बायकांना अंगावरून जातं, त्यामागं कधीकधी एक परजीवी असतो. नवरा-बायकोच्या संबंधातून तो पसरतो, आणि नवऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. तो अर्ध्या तासात, चहाच्या पैशात पकडायचा, हा तिचा ध्यास. म्हणायची, "उस्मानभाई, पाण्याचा टँकर यायच्या आत निकाल हातात पाहिजे. उद्या या म्हटलं की बाई येत नाही." नमुने गरम करायचा डबा मी तिला अंडी उकडायच्या भांड्यातून करून दिला. तो बघायला परदेशातनं शास्त्रज्ञ रांगा लावतात, असं मी गावभर सांगायचो. एक आला होता खरा, पत्ता चुकून. डब्यात आठ नळ्या बसायच्या. सात बायकांच्या, आठवी नुसत्या पाण्याची. नळी उघडून थेंब कागदी पट्टीवर टाकायचा, रोग असला की रेघ उमटायची. पाण्यात रेघ उमटली की समजायचं, सगळी तपासणीच बाटली.

एका दुष्काळी उन्हाळ्यात शेंद्र्याला शिबिर होतं. चहूकडं कारखाने उठत होते आणि नळ कोरडे. खोली तापली म्हणून मी कूलर लावला. पाण्याविना, नुसता पंखा. शेवटच्या खेपेच्या सात बायका झाल्या आणि संगीता आली. पुन्हा यायला जमायचं नाय म्हणाली. ताईनं पाण्याच्या नळीची जागा तिला दिली. रेघ उमटली. गोळ्या जोडप्यानं घ्यायच्या असतात, म्हणून नवऱ्याच्याही गोळ्या संगीता घरी घेऊन गेली. त्यानं विचारलं, कशाच्या...

दुसऱ्या दिवशी ताईनं त्याच खोलीतलं पाणी तपासलं. रेघ. आधीच्या खेपांच्या नळ्या उघडताना उडालेले कण कूलरनं खोलीभर पसरवले होते. कूलर माझा होता, हे मी कुणाला वाढवून सांगितलेलं नाही, सांगितलेलंच नाही. प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं तर संगीताला काहीच नव्हतं. ताई धावत शेंद्र्याला गेली, तोवर नवऱ्यानं संशय घेऊन संगीताला चिकलठाण्याला तिच्या भावाकडं पोचवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "काल कागद बोलला. आज तुम्ही बोलता."

पुढं नळी न उघडताच निकाल दिसेल अशी तपासणी ताईनं बसवली. पण दर महिन्याला ती चिकलठाण्याच्या त्या दारात जायचीच. दार उघडायचं नाही. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "चूक माझी होती. संगीताला कसलाही आजार नव्हता." उभं राहवत नव्हतं तेव्हाही गेली, रिक्षात बसून बोलली.

परवा मी गेलो, ती गेल्याचं सांगायला. तिच्यासारखाच आवाज चढवणार, तेवढ्यात दार उघडलं. मी हळू सांगितलं. संगीता उंबऱ्यापर्यंत आली.

"बाई वाईट नव्हत्या, भाऊ," ती म्हणाली. "पण लोक विसरत आले की त्या यायच्या."

मी मोटारसायकल गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली. दारातच किक मारली असती तर बाकीची दारं उघडली असती.