सही करायला कुणी नव्हतं

तो माणूस आजही आठवतो, आणि हल्ली जरा जास्तच आठवतो.

मी तेव्हा तंजावुरात सब-इन्स्पेक्टर होतो. देशाची दारं उघडली होती. मद्रासकडे नवे कारखाने येत होते आणि त्यांना साधा वॉचमन चालत नव्हता, प्रमाणपत्रवाला सिक्युरिटी ऑफिसर हवा होता. असं प्रमाणपत्र एक परदेशी संस्था देई. तिला अर्जासोबत अनुभवाचा दाखला लागे, त्यावर वरिष्ठाची सही. गूळ तिथे मुंगळे. खोट्या दाखल्यांचा धंदा लगेच सुरू झाला.

खबर राजवाड्यामागच्या टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्याने दिली. बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या नावाने कुणीतरी दाखला टाइप करून नेला होता. मला वाटलं, टोळी सापडली. दुपारी त्या माणसाला ठाण्यात आणलं. चाळिशी ओलांडलेला, अंगात इस्त्रीचा खाकी सदरा. खिशातल्या दाखल्यावर गिरणीच्या मॅनेजरची सही होती. मॅनेजर कधीच वारला होता, तारीख मात्र ताजी.

तमिळमध्ये विचारलं तर त्याने तोंडाला कुलूप लावलं. आरडाओरडा करून खरं बाहेर येत नाही, हे मी नोकरीत लवकर शिकलो होतो. आडनावावरून आमच्यातलाच, तंजावुरी मराठी दिसला, म्हणून कॉफी मागवली आणि घरच्या मराठीत विचारलं, "जेवलास की?"

त्याने मान वर केली. "अम्मा गेल्यावर मराठी आजच ऐकतों, सार," म्हणाला. मग थांबून, "वर्षं खरी. सही मी घातली."

गिरणी बंद झाली, कामगार पांगले, मालक वारला. त्याचे दोन मुलगे कोर्टात भांडत होते. राखणीला हा एकटाच उरला. पगार वकिलाकडून मिळे, पण दाखल्यावर सही करायला दोघेही तयार नव्हते. उद्या ती सही कोर्टात अंगाशी येईल, ही भीती.

अशा कहाण्या ठाण्यात रोज ऐकायला मिळतात. मी दोन पंच घेऊन गिरणीवर गेलो. आत यंत्रं ओळीने उभी होती आणि प्रत्येकावर चंदन-कुंकवाचे टिळे, जुन्या वाळक्या थरावर नवे थर. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, गिरण्यांत यंत्रं पूजतात. आमच्या ठाण्यातही रायफलींना गंध लागतं. पण ती पूजा सगळ्यांनी मिळून करायची, चुरमुरे-फुटाणे वाटायचे. याने ती बंद गिरणीत दरवर्षी एकट्याने केली होती. फाटकासमोरच्या फुलवालीचा जबाब घेतला. ती म्हणाली, यंत्रागणिक एक हार नेतो, आणि चुरमुरे घ्यायला आत कुणी नाही म्हणून मलाच आणून देतो. पंचनामा लिहिताना मला फार वाईट वाटलं.

टोळी वगैरे काही नव्हती. साप साप म्हणून भुई धोपटली होती. अनुभव खरा, दाखला खोटा. कागद अजून कुठे पाठवला नव्हता, फिर्यादीही नव्हता. वरिष्ठांना विचारून दाखला जप्त केला आणि त्याला समज देऊन सोडलं. नवा अर्ज कर म्हटलं, आणि गिरणीत जे पाहिलं ते ठाण्याच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं.

संस्थेने अर्ज परत केला. ज्याच्या हाताखाली काम केलं तो वरिष्ठच हवा, पोलिसाचं पत्र चालणार नाही. हे सांगायला तो स्वतः ठाण्यात आला. मी काही तरी वाट सुचवू लागलो, तर म्हणाला, "असू दे, सार. तुम्ही आत येऊन पाहिलंत. इतकी वर्षं कोण आलं नव्हतं." आणि ड्यूटीला उशीर होतो म्हणून निघून गेला.

खोट्या सहीमागे लबाडी शोधायची आम्हाला सवय. तिच्यामागे नुसतं एकटेपणही असू शकतं, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पुढे गस्तीवर मी प्रत्येक राखणदारापाशी थांबून दोन शब्द बोलत असे. आता बायको गेली, मुलं चेन्नईला. मराठी त्यांना कळते, वाचता येत नाही, म्हणून हे घरात कुणी वाचणार नाही. सोबतचे शिपाई, हवालदार एकेक करून गेले. मी नोकरी केली ती पाहिलेला माणूस आता माझ्याही ओळखीत उरलेला नाही.