सकिनाबीच्या वाटेची नक्कल

भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. आजही कोणाला घाबरवायला लिहीत नाही... एक खोटं श्रेय अंगावर आहे, ते उतरवायचं आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी नक्कल विभागात, निकालांच्या सहीशिक्क्याच्या प्रती देणारा बाबू होतो. आता निकाल मोबाइलवर दिसतात. तेव्हा कागद हवा तर माझ्याच खिडकीशी यावं लागे. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज छापून येत, ती वर्षं. सकिनाबी चांदूर रेल्वेच्या बाजूला भाजीचा मळा करायची. शेजाऱ्यानं तिची वाट नांगरून टाकली होती. बैलबंडी आत जाईना, वांगी झाडावरच सडत. वाटेचा निकाल नवरा होता तेव्हाच तिच्या बाजूनं लागला होता — फक्त त्याची नक्कल तहसीलदारापुढे ठेवायची होती.

तिच्या अर्जावर मी दोनदा शेरा मारला — रेकॉर्ड मिळून येत नाही. मग आठवलं. प्रकरण निकालाच्या वर्षाच्या गठ्ठ्यात बांधायचं असतं; हे मीच, खटला दाखल झाला त्या वर्षाच्या गठ्ठ्यात बांधलं होतं. बाहेर काढलं तर माझी चूक उघडी पडणार, मेमो मिळणार. गप्प बसलो.

"काहून रे बाबू, उंदरानं खाल्ला का माया कागद?"

"शोधून राहिलो, चाची."

"शोध. मी काई मरत नाई इतक्यात."

महिन्याभरानं ती मेथीच्या जुड्या घेऊन आली. "तहसीलदारानं वाट मोकळी करून देल्ली. तुयावाल्या नकलेनं."

नक्कल पाहिली. हातानं उतरवलेली, अक्षर माझं. रुजुवातीची, म्हणजे मूळ प्रतीशी ताडल्याची, सही माझी, शिक्का कोर्टाचा... आणि मी ती कधी लिहिलीच नव्हती. रजिस्टरात नोंद नाही. रेकॉर्ड रूममध्ये गेलो — गठ्ठ्याला माझीच गाठ, वर धुळीचा जाड थर. सोडून ताडून पाहिलं. शब्द न् शब्द तोच.

मेथी मी घेतली. पुढे कितीतरी वर्षं घेतच राहिलो — वांगी, सांभार म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, ईदचा शिरखुर्मा.

गेल्या महिन्यात तिच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. फार थकली आहे आता.

"तू देत नोयता, हे मालूम होतं मले. तोंडावरच दिसे तुया."

"मग दिली कोणी?"

"तूनंच. खिडकीतून. त्या दिवशी लय चांगला बोलला मायासंग... बस म्हने चाची, पानी पी."

मी तिला कधीच बस म्हटलं नव्हतं. माझ्या खिडकीत बसून तिच्याशी चांगलं बोलणारा तो माणूस कोण, हे मला आजही सांगता येत नाही.