डोळे तपासणीची गाडी

आमच्या यजमानांच्या मावसभावाइतका कामाचा आमदार या राज्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका बिनकामाचाही झाला नाही. यात काही चमत्कार नाही. कामाचे ते सभागृहाच्या बाहेर, बिनकामाचे सभागृहाच्या आत. मतदारसंघ त्यांचा संत्र्याच्या बागांचा, नागपूरपासून एसटीने दोन-अडीच तासांवर. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर भाऊजी म्हणतील, "वहिनी, नाव कायले घेतलं?" आणि मग महिनाभर जेवायला येणार नाहीत.

होकार आणि नकार या दोन्हींची त्यांना लहानपणापासून ॲलर्जी असावी. आमच्याकडे जेवायला बसले आणि मी "भात वाढू?" म्हटलं की ते खिडकीबाहेर बघत. वाढला तर खात, नाही वाढला तर उठत. त्यांच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा "मुलगी पसंत आहे का?" या प्रश्नाला त्यांनी "पाऊसपाणी बरं झालं यंदा" असं उत्तर दिलं, आणि मंडळींनी ते पसंतीचं धरलं म्हणून संसार झाला. सभागृहात आवाजी मतदान असलं की हे "होय"ला तोंड उघडत आणि "नाही"लाही उघडत, आवाज मात्र एकदाही काढत नसत. उजवीकडचा सदस्य शपथेवर सांगे की भाऊ आपल्या बाजूने होते. डावीकडचाही सांगे. मतविभागणीची, म्हणजे डोकी मोजून मत घेण्याची, घंटा झालीच, तर तोंडाला रुमाल लावून, वाकून, ओळीतल्या सगळ्यांची माफी मागत बाहेर. पुढे पुढे तर असं झालं की भाऊंनी जागेवर नुसती चुळबुळ केली तरी शेजारचे तिघे गुडघे बाजूला घेऊन वाट करून देत. वर कोणी म्हणे, "आरामात जा भाऊ, आम्ही आहोत."

मी बाईमाणसांची डॉक्टर. नागपुरात सक्करदऱ्याला माझं लहानसं प्रसूतिगृह आहे, वर आम्ही राहतो. भाऊजींचा खरा उपद्व्याप मला कळला तो यामुळे. एकदा सकाळी त्यांचा फोन आला, "वहिनी, एक पेशंट पाठवून राहिलो. तुमच्याच लाइनीतलं आहे." पेशंट म्हणजे चौथ्यांदा दिवस गेलेली, रक्त कमी असलेली, घाबरून पांढरी पडलेली एक बाई. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्भपात करणारा डॉक्टर नाही. पद आहे, पाटी आहे, खुर्चीही आहे, माणूस नाही. तिने भाऊंना गाठलं, भाऊंनी आपली गाडी दिली. मग दर आठ-पंधरा दिवसांनी ती गाडी माझ्या दारात उभी राहू लागली. गावात काय सांगायचं हा प्रश्न होता. भाऊंनी ड्रायव्हरला पढवून ठेवलं होतं: "डोळे तपासायले नेऊन राहिलो म्हणायचं." त्यामुळे आमच्या तालुक्यात पंचवीस-तीस वर्षांच्या सुनांचे डोळे एकाएकी फार बिघडू लागले.

खोटं बोलायचं तर ते पचवायलाही लागतं. दौलतबुवा नावाच्या एका म्हाताऱ्याला खराच मोतीबिंदू होता. पंचक्रोशीतल्या सुना डोळे दाखवून आल्या आणि आपल्याला कोणी विचारलं नाही, याचा त्याला राग आला. एके दिवशी तो सरळ गाडीत जाऊन बसला आणि उतरेना. ड्रायव्हर बिचारा काय बोलणार! आणून सोडला त्याला माझ्याकडे. धोतर सावरत, पोट पुढे आलेल्या चार बायांच्या मधोमध बुवा बसले. आमची नवी नर्स मान वर न करता ओळीने विचारत आली, "कितवा महिना?" बुवा म्हणाले, "महिना कायचा वं पोरी, दोन वर्षं झाले." मी स्वतः त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचवलं. ऑपरेशन झालं, बुवांना दिसू लागलं, आणि त्यांनी गावभर भाऊंचा इतका डंका पिटला की भाऊंना नाइलाजाने खरीखुरी नेत्रशिबिरंही भरवावी लागली. पुढची निवडणूक ते या डोळ्यांवर जिंकले. एका मंडळाने त्यांना 'नेत्रमित्र' म्हणून शाल-श्रीफळ दिलं. ते भाऊंनी खाली मान घालून घेतलं, आणि लोकांना वाटलं केवढा नम्र माणूस.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करणाऱ्या माणसाला सभागृहात दोन शब्द बोलायला काय धाड भरली होती? मीही हेच म्हणत असे, आणि याहून वाईट शब्दांत म्हणत असे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "वहिनी, बाया माह्या गाडीत बसते, पण मत त्यांच्या सासवा देते." सुना मत देत नाहीत का, असं मी विचारलं तर म्हणत, "देते ना. सासू सांगते त्यालेच देते." दुसरी अडचण त्यांना अशी वाटे, की 'मुलगी वाचवा'च्या प्रत्येक फेरीत ते पुढे फलक धरून चालले होते. आता हे बोललो तर लोक म्हणतील, भाऊ उलटला. मी तासभर त्यांना समजावलं, की मुलगी आहे म्हणून पाडणं हा गुन्हा, आणि बाईला झेपत नाही म्हणून मोकळं होणं हा कायद्याने दिलेला अधिकार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीच गोष्ट मला इतक्या सोप्या वऱ्हाडीत सांगितली की मलाही तशी सांगता आली नसती. मग म्हणाले, "पण हे सांगायले पाच मिनिटं लागते वहिनी. 'भाऊ पोटातले लेकरं मारते' म्हणायले एक सेकंद लागते." विधिमंडळात निम्मे लोक असेच असतील, घरी शहाणे आणि बाकावर मुके.

एका वर्षी हिवाळी अधिवेशनात एका आमदार बाईंचा अशासकीय ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचा, चिठ्ठ्या टाकून शुक्रवारच्या चर्चेला निघाला: प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सुरक्षित गर्भपाताची सोय असावी, आणि डॉक्टरची जागा रिकामी राहू नये. बाई पाठिंबा शोधत फिरत होत्या. नागपूरचं अधिवेशन म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, रस्त्यावर मोर्चे, टपऱ्यांवर तर्रीपोहे आणि आमदार निवासात प्रत्येकाला गाठायला आलेला कोणीतरी. बाई सापडायच्या तिथे भाऊ दिसायचे नाहीत. खोली बदलली, जेवायची जागा बदलली, आणि शेवटी फोनच बंद करून ठेवला. मला हे ऐकून हसू आलं होतं. यजमानांना मी म्हटलंही, तुमचा भाऊ एका ठरावाला इतका भ्यायला की संन्यास घेतोय.

त्याच आठवड्यात सुनंदा आली. भाऊंच्याच गावची. दोन लेकरं, धाकट्याचं अजून दूध सुटलं नव्हतं, आणि पुन्हा दिवस गेलेले. नवरा नागपूरला, कळमन्याच्या बाजारात हमालीला. ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली तर तिथल्या बाईने सांगितलं, डॉक्टर नाही, आणि आला तरी नवऱ्याची सही आण. सही लागतच नाही हो कायद्याने! सज्ञान बाईची स्वतःची पुरते. पण हे तिला सांगणार कोण? तिने भाऊंना फोन लावला. बंद. परत लावला, बंद. गाडीही त्यांच्याबरोबर नागपुरातच होती. मग कोणीतरी बाजारातून आणून दिलेल्या गोळ्या तिने घेतल्या, आणि रक्त थांबेना तेव्हा शाल गुंडाळून एसटीत बसली. माझ्या पायरीवर पोचली तेव्हा तिला उभंही राहवत नव्हतं. तशीच उचलून आत घेतली, रक्त चढवलं. वाचली. फार थोडक्यात वाचली.

मी यजमानांना पाठवून भाऊंना शोधून आणवलं. नेहमीप्रमाणे संत्र्यांची पिशवी घेऊन आले आणि खाटेपाशी उभे राहिले. सुनंदा रागावली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमचा फोन बंद येऊन राहिला होता."

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच पाहत राहिले. म्हणाले, "शुक्रवारी बोलतो मी सभागृहात. तुह्यासाठी बोलतो." हा माणूस शब्द देतो आहे, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

शुक्रवारी मी पास काढून गॅलरीत जाऊन बसले. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि हातात घडी केलेला कागद होता. ठराव मांडला गेला. आमदार बाई चांगलं बोलल्या. निम्मे बाक रिकामे, उरलेल्यांतले निम्मे फोनमध्ये. "आणखी कोणाला बोलायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. भाऊ उठले. खरंच उठले हो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण ते उठताक्षणी, इतक्या वर्षांच्या सवयीने, शेजारच्या तिघांनी गुडघे बाजूला घेतले. एकाने हाताने वाट दाखवली. पलीकडचा तर चक्क उभा राहिला, भाऊंना जायला जागा व्हावी म्हणून. भाऊ क्षणभर त्या मोकळ्या वाटेकडे पाहत राहिले. मग त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि वाकून बाहेर गेले.

मंत्र्यांनी विचार करण्याचं आश्वासन दिलं, बाईंनी रीतीप्रमाणे ठराव मागे घेतला, आणि कामकाज पुढे सरकलं. बाहेर हिरवळीवर भाऊ उभे होते. म्हणाले, "वहिनी, उठलो होतो मी." मी म्हटलं, "दिसलं. त्या पोरीला काय सांगू? भाऊ उठले होते म्हणून सांगू?" लोक बघत होते, मला त्याची पर्वा नव्हती. ते म्हणाले, "त्यायनं इतक्या मानानं वाट करून देली, नाही कसं म्हणू?" या वाक्यावर हसावं की त्यांच्या डोक्यात पिशवी घालावी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सुनंदाला घरी सोडायला ते स्वतः गेले. गाडीत बसताना ती म्हणाली, "पुढल्या बारीले बोला भाऊ. मी नसन, पण दुसरी कोणी राहीनच." ते मान हलवून हो म्हणाले. पुढच्या अधिवेशनात तो ठराव चिठ्ठीत निघाला नाही. मग निवडणूक आली, आणि पक्षाने त्यांचं तिकीट कापलं. कारण असं सांगितलं की भाऊंची कोणत्याच विषयावर ठाम भूमिका नसते.

मागच्या आठवड्यात जेवायला आले होते. बारीक झालेत, कानाने कमी ऐकू येतं. हात धुतल्यावर उगाच घुटमळत राहिले, मग म्हणाले, "वहिनी, ते भाषण करून दाखवू का?" आम्ही यजमानांना मोठ्या खुर्चीत बसवून अध्यक्ष केलं. मी विरोधी बाक. भाऊ जेवणाच्या टेबलाला धरून उभे राहिले. कागद काढलाच नाही, पाठ होतं त्यांचं.

"अध्यक्ष महोदय, माह्या गावात एक बाई आहे. तिले दोन लेकरं आहेत, तिसरं तिले झेपत नव्हतं. तिनं दवाखान्याले सांगितलं, मले सांगायले फोन केला, कोणाले सांगायचं तिनं बाकी ठेवलं नाही. कायदा तिच्या बाजूनं होता, अध्यक्ष महोदय. आमी नव्हतो. इथं उभं राहायले मले तीन निवडणुका लागल्या. तिच्यापाशी तेवढा वेळ नव्हता."

आणि ते बोलतच राहिले, न अडखळता. मी आयुष्यात इतकं चांगलं भाषण ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. यजमान गंभीरपणे म्हणाले, "ठरावाच्या बाजूने?" आम्ही तिघांनीही हात वर केले. ठराव एकमताने मंजूर झाला. खाली वॉर्डात त्यांच्याच तालुक्यातून सकाळच्या एसटीने आलेली एक मुलगी झोपली होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नाही.